कुलपांची शर्यत

माणसाला जे सनातन प्रश्न पडतात त्यांत ‘मी कोण?’ हा प्रश्न सगळ्यांत थोर, असं तत्त्वज्ञ मंडळी मानतात. मला ते कधीच पटलेलं नाही. ‘मी कोण?’ असं कळवळून विचारणारा गृहस्थ मला उभ्या आयुष्यात भेटलेला नाही. ‘मी कोण आहे, माहीत आहे का?’ असं विचारणारे मात्र रांगेत, नाटकाच्या खिडकीवर आणि लग्नाच्या पंगतीत पुष्कळ भेटले. माझ्या मते खरा सनातन प्रश्न एकच : ‘किती वेळ लागला?’

पुण्याहून मुंबईला पाहुणे आले की हातात पाण्याचा पेला देण्याआधी आपण हा प्रश्न देतो. त्यांनी ‘साडेतीन तास’ म्हटलं की कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज येतोच, ‘आम्ही तर अडीच तासांत आलो होतो.’ कुठल्या गाडीनं आलात, वार कुठला होता, घाटात ट्रक आडवा झाला होता का, वाटेत वड्यासाठी थांबलात का, हे सगळे तपशील गौण. अडीच हे साडेतीनपेक्षा कमी, म्हणजे आम्ही तुमच्यापेक्षा बरे. इतका सोपा न्याय दुसऱ्या कुठल्याही कोर्टात मिळत नाही.

माणसांना हा प्रश्न आपण फुकट विचारतो. यंत्रांना विचारण्याचे मात्र पगार मिळतात. त्या उद्योगाला बेंचमार्किंग म्हणतात, आणि आमचा एक भाचा तोच करतो. त्यानं हा शब्द प्रथम उच्चारला तेव्हा मला आमची शाळा आठवली. तिथे बेंच आणि मार्क यांचा संबंध सरळ होता : मार्क कमी पडले की बेंचवर उभं करत. पण शब्दाचं मूळ निराळं निघालं. जमिनीची मोजणी करणारे सर्वेअर उंची मोजण्यासाठी दगडात एक आडवी खाच कोरून ठेवत. खाचेत लोखंडी पट्टी बसवायची आणि तिच्यावर मोजकाठी उभी करायची. ती पट्टी म्हणजे बेंच आणि ती खाच म्हणजे बेंचमार्क. आपल्या देशातही ‘जी.टी.एस.’ अशी अक्षरं कोरलेले जुने दगड अजून कुठे कुठे दिसतात. तेही याच घराण्यातले. मूळ कल्पना अशी की दगडानं हलायचं नाही, बाकीच्या दुनियेनं त्याच्यापासून मोजायचं. संगणकवाल्यांनी शब्द तेवढा उचलला. दगड तिथेच राहिला. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आमचा भाचा मोजतो ती कुलपं. अलीगढची पितळी नव्हेत, न दिसणारी. आपण फोनवरून कुणाला पैसे पाठवतो, निरोप धाडतो किंवा नातवाचा फोटो साठवून ठेवतो, तेव्हा तो मजकूर आतल्या आत अशा काही रीतीनं कालवला जातो की किल्ली असल्याशिवाय तो परत सुटा म्हणून होत नाही. किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा. या कालवण्याला एन्क्रिप्शन म्हणतात. ते काम करतो प्रोसेसर, आणि प्रोसेसरच्या पोटात एक घड्याळ असतं. त्याचे सेकंदाला अब्जावधी ठोके पडतात. एक बाइट कालवायला किती ठोके लागले, तो आकडा म्हणजे कुलपाचे गुण. बाइट म्हणजे ढोबळमानानं इंग्रजीतलं एक अक्षर. मराठी अक्षराला प्रत्येक चिन्हामागे तीन-तीन बाइट लागतात, आपल्या भाषेला आधीपासूनच ऐसपैस बसायची सवय. या परीक्षेत गुण जितके कमी तितका विद्यार्थी हुशार. असा एखादा विषय आमच्या शाळेत असता तर मीही एकदा पहिला आलो असतो.

‘म्हणजे कुठलं कुलूप सगळ्यांत वेगवान ते तू ठरवतोस?’ मी विचारलं.

‘मामा, असं नसतं हो. कुठल्या प्रोसेसरवर, ते आधी विचारायचं,’ भाचा म्हणाला.

मला वाटलं, हा टाळतोय. तज्ज्ञांना सरळ प्रश्न विचारला की ते आधी प्रश्न दुरुस्त करून घेतात, तसंच काहीतरी. पण विचार केल्यावर ध्यानात आलं की हे आमच्या स्वयंपाकघरात मला केव्हाच कळलेलं होतं. पुरण वाटायला किती वेळ लागतो? पाट्यावर एक उत्तर, पुरणयंत्रात दुसरं, मिक्सरमध्ये तिसरं. आणि चटणीला पाटा चांगला म्हणून पुरणालाही तोच चांगला, असंही नाही. वेग पुरणात नसतो आणि पाट्यातही नसतो. दोघांचं कसं जमतं यात तो असतो. हे संसारालाही लागू आहे, पण तो विषय या निबंधात नको.

या कुलपांच्या दुनियेत एकदा मोठं स्वयंवर झालं होतं. अमेरिकेत १९७७ सालापासून डेस नावाचं एक अधिकृत कुलूप होतं. त्याची किल्ली ५६ बिटांची. काळ पुढे गेला, यंत्रं चपळ झाली, आणि जुलै १९९८ मध्ये एका संस्थेनं अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात खास यंत्र बांधून ते कुलूप ५६ तासांत उघडून दाखवलं. ५६ बिटांना ५६ तास. दैवालाही कधी कधी यमक जुळवायची हौस येते. नवं कुलूप शोधायचं काम निस्ट या तिथल्या मानक-संस्थेनं १९९७ सालीच काढलं होतं. जगभरातून पंधरा स्थळं आली. १९९९ मध्ये त्यांतली पाच उरली, आणि मग त्या पाचांची मोजमापं सुरू झाली.

मोजायचं तर एक ठरलेलं यंत्र हवं. निस्टनं पेंटियम प्रो जातीचा, २०० मेगाहर्ट्‌झचा संगणक नेमून दिला. त्या काळी हे घराणं खानदानी. पण लोक तेवढ्यावर थांबले नाहीत. कुणी कार्डावरच्या चिमुकल्या आठ-बिटी चिपवर मोजलं, कुणी मोठ्या यंत्रांवर मोजलं, आणि गंमत बाहेर आली. आर.सी.६ नावाच्या उमेदवाराला गुणाकार लागायचे. ज्या प्रोसेसरला गुणाकार झटपट येतात तिथे त्याची ऐट बघून घ्यावी. ज्याला ते येत नाहीत तिथे हा मागच्या बाकावर. एका घरी चपळ ठरलेला जावई दुसऱ्या घरी आळशी ठरावा, तसंच. सर्पंट नावाचा दुसरा उमेदवार अतिसावध. त्याच्या कर्त्यांना १६ फेऱ्या पुरेशा वाटत होत्या, तरी त्यांनी ३२ घातल्या. माझी आजी लोणच्याच्या बरणीला एकावर एक दोन फडकी बांधायची, त्यातला प्रकार. सुरक्षित खरा, पण संगणकावर चालायला सगळ्यांत संथ.

शेवटी ऑक्टोबर २००० मध्ये माळ पडली ती बेल्जियमच्या योआन डामन आणि विन्सेंट राइमेन या दोघांच्या राइनडालच्या गळ्यात. नाव ऐकून मला प्रथम हा आमटीचा प्रकार वाटला होता. २००१ साली ते एईएस या नावानं अमेरिकेचं सरकारी मानक झालं आणि पाहता पाहता साऱ्या जगाचं कुलूप बनलं. मला भावला तो निवडीमागचा विचार. राइनडाल प्रत्येक यंत्रावर पहिलं आलं नव्हतं. पण मोठ्या यंत्रावर, छोट्या यंत्रावर, अगदी कार्डावरच्या चिपवरसुद्धा ते बरं चाललं. कुठेही त्यानं लाज आणली नाही. कुणातरी एकाच्या दिवाणखान्यात झळकणाऱ्या मुलापेक्षा सगळ्यांच्या स्वयंपाकघरात उपयोगी पडणारा मुलगा पसंत करावा, हा निर्णय जगात इतक्या क्वचित होतो की तो एखाद्या समितीनं घेतला हे वाचून मला दोनदा चष्मा पुसावा लागला.

आता हे मोजमाप म्हणजे घड्याळ लावलं आणि आकडा लिहिला, इतकं सोपंही नसतं. प्रोसेसर थंड असला की जोरात पळतो, तापला की दमतो. मध्येच टर्बो नावाचा वारा त्याच्या अंगात येतो, तेव्हा तो नेहमीपेक्षा अधिक पळतो. म्हणून जाणते लोक तो वारा आधी बंद करतात, एकच काम पुनःपुन्हा करून घेतात आणि सगळ्या आकड्यांतला मधला आकडा घेतात. पहिल्या झटक्यातला उत्तम आकडा घेत नाहीत, कारण तो माणसाच्या लग्नातल्या फोटोसारखा असतो : खोटा नसतो, पण रोजचा नसतो.

शिवाय यंत्रांनाही परीक्षकाचा सुगावा लागतो. आमच्या लहानपणी शाळेत दिपोटी येणार असले की आदल्या दिवशी भिंती पांढऱ्या होत, नकाशे टांगले जात, आणि ज्यांना पाढे येतात अशी चार मुलं पुढच्या ओळीत बसवली जात. हे फक्त आपल्याकडेच चालतं असा माझा एक राष्ट्रीय न्यूनगंड होता. तो २०१३ साली गेला. त्या वर्षी असं उघडकीला आलं की काही मोबाइल फोन, बेंचमार्कचं ठरावीक अ‍ॅप सुरू झालंय हे ओळखत आणि तेवढ्यापुरता प्रोसेसर सुसाट सोडत. दिपोटी गेले की पुन्हा जैसे थे.

बरं, हे सगळे गैरप्रकार वगळले तरी वेगवान ते चांगलं, एवढं तरी पक्कं असेल ना? तेही नाही. कुलूप चटकन फिरावं हे मालकाला हवं. पण किल्ल्यांमागून किल्ल्या लावून बघणाऱ्या चोरालाही तेच हवं असतं. पासवर्ड राखण्यासाठी १९९९ साली बीक्रिप्ट नावाची एक पद्धत निघाली. तिचं वैशिष्ट्य असं की ती मुद्दाम संथ आहे, आणि पुढेमागे यंत्रं जलद झाली तर तिला आणखी संथ करता येतं. मालकाला पासवर्ड एकदाच द्यायचा असतो, त्याचा क्षणभर गेला तर बिघडत नाही. चोराला कोट्यवधी पासवर्ड लावून बघायचे असतात. त्याचा क्षणक्षण मिळून जन्म जातो. सरकारी कचेऱ्यांतल्या संथपणामागेही असंच काही खोल तत्त्व असावं असं मला हे वाचून क्षणभर वाटलं. पण तिथे मालक कोण आणि चोर कोण याचा उलगडा होईना, म्हणून तो विचार मी सोडून दिला.

तर प्रश्न ‘किती वेळ लागला?’ एवढाच नसून ‘कुणाला लागला?’ हाही आहे. आणि इथेच या थट्टेच्या गोष्टीला एक काटा आहे.

राइनडाल ऊर्फ एईएस सगळीकडे बरं चालतं म्हणून निवडलं गेलं, हे वर आलंच. पुढे २०१० साली इंटेलनं आपल्या प्रोसेसरात एईएससाठी खास सोय बसवली. मागोमाग महागड्या फोनांतल्या प्रोसेसरांतही तशी सोय आली. जिथे ही सोय आहे तिथे एका बाइटला एखादा ठोका, किंवा त्याहूनही कमी. म्हणजे असं झालं, की दहा मजली इमारतीत सगळ्यांना परवडेल असा एक जिना बांधला, आणि मग श्रीमंत बिऱ्हाडांनी आपापल्या बाजूला लिफ्ट बसवून घेतली. लिफ्ट बसवण्यात पाप नाही. पण थोड्या दिवसांनी लिफ्टवाले एकमेकांना सांगू लागतात, ‘दहावा मजला म्हणजे काय हो, आता आलं आणि आता गेलं!’ आणि सोसायटीच्या सभा दहाव्या मजल्यावर भरू लागतात.

जिनेवाल्यांची अडचण दुहेरी होती. एक तर जिना लांब. दुसरं म्हणजे जिन्यावर पायांचा आवाज होतो. लिफ्ट नसलेल्या यंत्रावर एईएस जलद चालवायचं तर आधी तयार करून ठेवलेल्या तक्त्यांत बघत बघत चालवावं लागतं. त्या बघण्याला कधी कमी वेळ लागतो, कधी जास्त, आणि बाहेर कान देऊन बसलेल्या माणसाला त्या कमी-जास्तीवरून आतल्या किल्लीचा अंदाज येऊ शकतो, हे डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००५ साली करून दाखवलं. म्हणजे जलद चालावं तर आवाज होतो, आणि आवाज न करता चालावं तर आणखी संथ चालावं लागतं. गरिबाला सावधपणाही महाग पडतो तो असा.

आता ऐका. अँड्रॉइड फोनांसाठी २०१५ साली असा नियम झाला की नव्या फोनातला सगळा साठा कुलूपबंद असलाच पाहिजे. फार चांगला नियम. त्याला एक अपवाद होता : ज्या फोनाला सेकंदाला सुमारे ५० मेगाबाइटहून अधिक वेगानं एईएस जमत नाही, त्याला सूट.

सूट! काय गोड शब्द आहे पाहा. दुकानात सूट मिळाली की आपण हरखतो. शाळेत कवायतीतून सूट मिळाली की आणखीच हरखतो. ही सूट मात्र कुलपापासून होती. फोन स्वस्त आहे, प्रोसेसर हळू आहे, तर तुमचं कपाट उघडंच राहू द्या, आमची काही हरकत नाही. पडद्यावरचा आकडा टाकून फोन उघडतो म्हणजे सगळं सुरक्षित, असं वापरणाऱ्याला वाटतं; पण ती नुसती दाराची कडी झाली. आतला मजकूर कालवलेला नसेल तर फोनाचं पोट फाडून तो वाचणारे कारागीर असतात.

आणि तरीही, ही सूट देणारा माणूस दुष्ट नव्हता, ही खरी नैतिक पंचाईत. त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. हळू फोनात जड कुलूप बसवलं असतं तर फोन उघडता उघडता चहा निवला असता आणि लोकांनी कंटाळून कुलूपच काढून टाकलं असतं. कोकणातल्या घरांत जुनी, ढब्बू कुलपं खुंटीला टांगलेली असतात आणि दाराला सुतळी बांधलेली असते, ती उगीच नव्हे. जड कुलूप लावलं जात नाही. म्हणजे कुलपाचं हलकेपण हाही सुरक्षिततेचाच भाग. तेव्हा सूट देणं हा व्यवहार होता, दया होती, शहाणपण होतं. जगातले पुष्कळसे अन्याय दयेनं आणि शहाणपणानंच होतात. ‘आजींना कशाला त्रास, त्यांना मशीनमधून पैसे काढायला नाही जमायचं’, ‘तिला गणिताचा ताण नको, सोपा विषय घेऊ दे’, ही सगळी सूटच की! जिला सूट मिळते तिनं ती मागितलेली नसते, एवढाच फरक.

पुढे याच लोकांनी काय केलं ते या सगळ्या गोष्टीचं सार आहे, असं मला वाटतं. त्यांच्यापुढे आकडा तोच होता. पण आकड्यावरून दोन निष्कर्ष काढता येतात. एक : ‘हे यंत्र फार हळू आहे.’ दुसरा : ‘हे कुलूप फार जड आहे.’ पहिला निष्कर्ष काढला की यंत्राला सूट मिळते. दुसरा काढला की कुणाला तरी बसून नवं कुलूप घडवावं लागतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये गूगलमधल्या दोघांनी, पॉल क्राउली आणि एरिक बिगर्स यांनी, दुसरा निष्कर्ष काढून घडवलेलं एक कुलूप जाहीर झालं. त्यांनी मोजमापाचा दगड रोवला तो चपळ यंत्रावर नव्हे, तर कॉर्टेक्स-ए७ या स्वस्त फोनांतल्या प्रोसेसरवर. याला काय येत नाही, हे विचारण्याऐवजी याला काय येतं, हे त्यांनी विचारलं. याला बेरीज येते, बिटं गोल फिरवता येतात, अशी साधीसुधी कामं येतात. मग त्या साध्या कामांतूनच त्यांनी कुलूप गुंफलं. एईएसला वगळलं नाही, पण एका खेपेला एकदाच बोलावलं, लग्नात मंगलाष्टकांपुरते गुरुजी यावेत तसं. त्या यंत्रावर एका बाइटला सुमारे १०.६ ठोके, म्हणजे तिथे एईएसला लागत होते त्याच्या साधारण एकपंचमांश. आणि २०१९ मध्येच अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीनं तो अपवाद काढून टाकला. तिच्यासह बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या फोनाला कुलूप बंधनकारक, कुणालाही सूट नाही.

त्या कुलपाचं नाव अ‍ॅडिअँटम. मी शोधलं तर ते एका नेच्याच्या कुळाचं नाव निघालं. त्याच कुळातला नेचा आपल्याकडे हंसराज म्हणून ओळखला जातो. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या कातळावर, विहिरीच्या कडेच्या सांदीत उगवतो तो. ना कुंडी, ना खत, ना माळी. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला आपल्या विहिरी माहीत नसणार. पण नाव जागच्या जागी बसलं.

हे सारं भाचा मला समजावून सांगत होता तेव्हा आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी ओट्यापाशी होत्या. त्या म्हणाल्या, ‘दादा, मगापासून कुलूप कुलूप करताय. माझ्या फोनाला आहे का बघा की ते.’

त्यांच्या फोनात काय काय असतं ते आम्हांला ऐकून ठाऊक होतं : बचत गटाच्या हिशेबाच्या वहीचे फोटो, मुलीच्या कॉलेजची कागदपत्रं, आणि गावाकडच्या जमिनीचा सातबारा. म्हणजे खरं पाहता माझ्या फोनापेक्षा त्यांच्याच फोनात चोरण्यासारखं अधिक होतं. माझ्यात शुभसकाळची फुलं. भाच्यानं सेटिंग्ज उघडून दाखवलं. तिथे लिहिलेलं होतं : ‘एन्क्रिप्टेड’.

‘आहे, मावशी. फोन हरवला, तरी तुमचा आकडा कळल्याशिवाय आतलं कुणाला वाचता येणार नाही.’

‘आणि काकांच्या फोनाला?’

‘त्यांच्यालाही असंच.’

मावशींनी तव्यावरची पोळी उलटली, जरा विचार केला आणि म्हणाल्या, ‘मग काकांनी त्याला एवढे पैसे कशाचे दिले?’

या प्रश्नाचं उत्तर देणारा बेंचमार्क अजून निघालेला नाही. निघू नये अशी माझी इच्छा आहे.

बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका मित्राला मी ही कथा मोठ्या भक्तिभावानं सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘अहो, न्याय-बिय काही नाही. स्वस्त फोन कोट्यवधींनी खपतात. त्यांना कुलूप नाही म्हणून कंपनीची बदनामी नको, एवढाच हिशेब.’ असेल. मी वाद घातला नाही. धर्मशाळा बांधणाऱ्याला पुण्य हवं होतं की दारावर नावाची पाटी, हे वाटसरूनं रात्री विचारू नये. छप्पर गळत नाही ना, ते पाहावं. पण मित्राच्या बोलण्यात एक गोष्ट हरवली. हिशेब आधीही तोच होता आणि फोनही तेवढेच खपत होते. तेव्हा त्या हिशेबातून सूट निघाली होती. नफ्याचा हेतू दोन्ही वेळी सारखाच धरला, तरी मोजणाऱ्यानं कुठल्या यंत्रापाशी बसून मोजायचं ठरवलं, ते बदललं. हेतूचे ठोके मोजता येत नाहीत. बसण्याची जागा मात्र दिसते.

म्हणून हल्ली कुणी ‘हे सगळ्यांत जलद’, ‘हा सगळ्यांत हुशार’ असं म्हणालं की मला भाच्याचा प्रश्न आठवतो : कुठल्या प्रोसेसरवर? पहिला आलेला मुलगा स्वतःच्या खोलीत, पंख्याखाली अभ्यास करून पहिला आला, की दोन घरच्या भांड्यांनंतर रात्री बसून? हे विचारल्यानं पहिल्याचा पहिला नंबर जात नाही. त्याचे पेढे आपण आवडीनं खावेत. फक्त त्याच्या गुणांवरून दुसऱ्याला ‘तुला सूट’ म्हणायच्या आधी जरा थांबावं. कदाचित मूल हळू नसेल, कुलूप जड असेल.

त्या जुन्या सर्वेअरांना हे बरोबर कळलेलं होतं. त्यांच्या दगडांवरच्या उंच्या कळसूबाईच्या टोकापासून खाली मोजलेल्या नसत. त्या समुद्रसपाटीपासून वर मोजलेल्या असत. सगळ्यांत उंच जागेपासून मोजायला लागलं तर बाकी सगळा महाराष्ट्र उणा निघतो. समुद्रापासून मोजलं म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडी तरी उंची येते, अगदी मुंबईच्यासुद्धा. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर ती जाते, ही गोष्ट वेगळी.